वीस जुड्यांचं ऊन

चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यात अमरावती, वलगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांत गुलाबी कागदावरचं एक पत्रक वाटलं गेलं. वर ठळक टाइपात 'कोड हा शाप नाही' असं होतं. खाली गोळी कशी घ्यायची आणि ऊन किती घ्यायचं ते होतं. ते पत्रक मी लिहिलं, मी छापून घेतलं, मीच वाटलं. कोणाच्या घरी भिंतीला चिकटवलेलं किंवा डब्यात घडी करून ठेवलेलं ते अजून असेल, तर आधी फाडा. मग हे वाचा.

पत्रकाचा वरचा भाग खरा आहे. कोड शाप नाही, पाप नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. खालचा भाग चुकला. तो कसा चुकला आणि कोणाला भोवला, ते सांगायला बसले आहे. आजार मलाही आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून करते.

खडू

मी अमरावतीच्या एका प्राथमिक शाळेत बदली शिक्षिका होते. एक दिवस फळा पुसून झाल्यावर मनगटावरचा खडू झटकला. गेला नाही. ओल्या फडक्यानं पुसला, तरी गेला नाही. चवलीच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका होता. पंधरा दिवसांत त्याला दोन सोबती आले आणि एक मानेवर उगवला.

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. बसा म्हणाले नाहीत. पोरांचे आईबाप विचारतात, डॉक्टरचा दाखला आणा, तोवर घरीच राहा, असं टेबलाकडे पाहत सांगितलं. त्याच शाळेत मी पोरांना 'सर्व माणसं समान' हा धडा शिकवला होता. तोही त्यांच्याच समोर, तपासणी होती तेव्हा.

आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. मायनं स्वतःच्या हातानं देव्हारा उचलला आणि देव नदीत सोडले. मागे वळून पाहिलं नव्हतं तिनं. पण वस्तीत लोक बोलायला लागले की देव टाकले, देवानं रंग काढून घेतला. मी त्यांच्याशी भांडले. माय भांडली नाही. ती गप्प झाली, आणि तिचं ते गप्प बसणं मला जास्त लागलं.

मग एक दिवस मला दिसलं की माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला आहे. त्याच्या काठावर तिनं खिळ्यानं खूण केली होती. या बाईनं सारा जन्म दुसऱ्यांच्या अंगणात वेगळ्या कपातून चहा प्यायला होता, धुऊन उपडा ठेवला होता.

मी म्हणाले, "माय, हा पेला आपण सोडून आलो होतो ना?"

तिनं पेल्याकडे पाहिलं. मग घरातले सगळे पेले एका घमेल्यात ओतले, राखेनं घासले आणि कोणता कोणाचा ते कळणार नाही असे मांडले. खूण मात्र राहिली. आता तो पेला ज्याच्या वाट्याला येतो तो पितो.

टाचणी

अकोल्याच्या एका दवाखान्यात कातडीचे डॉक्टर गुरुवारी बसत. बडनेऱ्याला गाडी बदलून मी आणि माय गेलो. डॉक्टरांनी डागावर टाचणी टोचली आणि टोचतं का विचारलं. मी म्हटलं, टोचतं. ते म्हणाले, मग महारोग नाही, कोड आहे. मायनं पदर तोंडाला लावला आणि सुटकेनं रडली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिला समजलं की कोड लवकर जात नाही, काहींचं जातच नाही. तेव्हा ती दुसऱ्यांदा रडली.

"महारोग असता तं सरकारनं तरी ठेवून घेतलं असतं," ती म्हणाली. "आता हिले कोण ठेवीन?"

हे मी लपवत नाही, कारण तुमच्याही घरी कोणीतरी हे बोललं असेल. बोलणारं माणूस वाईट नसतं, भ्यालेलं असतं.

हा आजार का होतो, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की कोणालाच ठाऊक नाही. काही जणांचा तर्क असा आहे की शरीर आपल्याच रंगाच्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्यावर उठतं. मला ते पटकन समजलं. आपल्याच माणसांना परकं समजणं मी गावोगाव पाहिलं होतं. कातडीच्या आतही तेच चालतं, एवढंच नवीन होतं.

इलाज असा. बावचीच्या बियांत असतं तसल्या औषधाची गोळी, ती भरल्या पोटी घ्यायची. दोन तास थांबायचं, म्हणजे औषध रक्तात उतरतं आणि कातडी उन्हाला जागी होते. मग ठरलेली मिनिटं डाग उन्हात धरायचे. त्यानंतर दिवसभर अंग झाकून सावलीत राहायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा. नुसती गोळी काही करत नाही, आणि नुसतं ऊनही काही करत नाही. दोन्ही मिळून काम करतात. हे सगळं लिहिलेला कागद डॉक्टरांनी दिला. तो इंग्रजीत होता.

बाकावर

दवाखान्याच्या बाकावर आमची ओळख झाली, कौसल्याबाईची आणि माझी. ती वलगावची माळ्याची मुलगी, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आणि खालच्या ओठावर डाग होते. धामणगावला दिलेली होती, नवरा तिथे भाजीचा व्यापार करायचा. डाग ओठावर आले तसं सासूनं तिला चुलीपासून उठवलं आणि माहेरी आणून सोडलं. तीन वर्षांची मुक्ता तिकडेच ठेवून घेतली. निरोप असा होता की हात साफ झाले तर नेऊ, नाही तर पोरगी इथं, तू तिथं.

तिचा आजार म्हणजे एवढंच होतं. तिला रंग नको होता, तिला मुक्ता हवी होती.

परतीच्या गाडीत ती माझ्यासमोर बसली. मुर्तिजापूरला पाणीवाल्यानं तिचा ओठ पाहिला आणि ओंजळ पुढे केलेली असताना कळशी घेऊन पुढच्या डब्याकडे गेला. ती डब्याच्या दारात तशीच ओंजळ धरून उभी होती. मी माझा तांब्या पुढे केला. तिनं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझं नाव, गाव, वस्ती तिला बाकावरच कळली होती.

"तुमाले सवय असन, बाई," ती म्हणाली. "आमाले नाई."

मला एखादं सणसणीत वाक्य सुचायला हवं होतं. मजुरांच्या सभांत बोलते तेव्हा सुचतात. पण ती खरं बोलत होती. मी तांब्या तसाच धरून राहिले. कुरुमच्या अलीकडे तिनं तो घेतला आणि रिकामा करूनच परत दिला.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आम्ही बरोबर जायला लागलो. ती मला मास्तरीण म्हणायची. शाळेतून काढलं होतं तरी.

मेथी

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला सांगितलं, दहा मिनिटं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मिनिट म्हणजे किती व? आमच्या मळ्यात मिनिट नाई उगवत."

मी संतापले. माझ्याकडे भावाचं घड्याळ होतं. तिच्या घरी घड्याळ नव्हतं, शेजारी नव्हतं, सगळ्या आळीत नव्हतं. आणि मोठ्या लोकांनी इलाज काढला तो मिनिटांत. मी कंपाउंडर रहीमभाईंना गाठलं. म्हाताऱ्या रहीमभाईंजवळ साखळीचं खिशातलं घड्याळ होतं. मी त्यांना विचारलं, घड्याळ नसलेल्या बाईनं बरं व्हायचंच नाही का?

ते म्हणाले, "माह्यावर काहून चिडता? तिले रोज काय काम असते थे पहा. त्यानंच मोजू."

पुढच्या खेपेला कौसल्याबाईनं मेथीची पाटी आणली. व्हरांड्यात ती जुड्या बांधायला बसली आणि रहीमभाई घड्याळ धरून उभे राहिले. बाकावरचे सगळे रोगी उठून भोवती जमले. मूठभर मेथी, मुळं सारखी करायला एक ठोक, दोरीला पिळा, गाठ. एक मिनिट, एक जुडी. इतकी नेमकी की रहीमभाई म्हणाले, हिले भिंतीवर टांगा, चावी द्याची गरज नाई. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. ओठावरचा डाग हसताना दिसत नव्हता. जुड्या तिथल्या तिथे रोग्यांनीच नेल्या.

दहा मिनिटं म्हणजे दहा जुड्या. पौषापर्यंत डॉक्टरांनी वाढवत वीस केल्या. आणि इलाज लागू पडला. कोड भरतं ते काठाकडून भरतं आणि आतून केसांच्या मुळाशी खसखशीएवढे तपकिरी ठिपके येतात. माझ्या मनगटावर ते आले, तिच्या कोपराजवळ आले. ती गाडीत बसून ते मोजायची. मुक्ताच्या वयाएवढे झाले, मग तिच्या बोटांएवढे झाले, असं काहीतरी तिचं चालायचं.

मला वाटलं, हे सगळ्यांना कळलं पाहिजे. डॉक्टरांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं तर ते थांबवतील असं वाटलं, आणि थांबवणाऱ्या लोकांचा मला तिटकारा होता. मी पत्रक लिहिलं. 'घड्याळ श्रीमंताचे, ऊन सर्वांचे' असं एक वाक्य होतं. ते माझं फार आवडतं होतं. खाली लिहिलं: न्याहारीनंतर गोळी, दोन तासांनी ऊन, वाढवत वाढवत वीस जुड्या. महिना कोणता, ते लिहिलं नाही. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं विचारलं होतं की शेवटी एक ओळ बसते, काही घालायचं का? मी 'समतेचा विजय असो' घातलं.

चैत्र

होळीनंतर डॉक्टरांनी सर्वांना बजावलं की दर खेपेला येत राहा, उन्हाळ्यात मात्रा कमी करावी लागेल. त्याच महिन्यात कौसल्याबाईच्या नवऱ्याचा निरोप आला की वैशाखात येऊन पाहतो. हात साफ दिसले पाहिजेत.

चैत्राच्या दोन्ही खेपा चुकल्या. मी शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागांतल्या मजूर बायांच्या सभेला गेले होते आणि तिथून पुढे आणखी कुठे. मी निघण्यापूर्वी कौसल्याबाई मला भेटायला वस्तीत आली होती. एकटीनं अकोल्याला जायला ती भीत होती. मळ्यात कामही होतं. जाऊ का नको, असं तिनं मला विचारलं.

मी म्हणाले, "पत्रक आहे ना तुझ्याजवळ? त्यात सगळं आहे."

या आजारपणात मला टाचणी टोचली, लोकांची नजर टोचली. पण हे माझं वाक्य सगळ्यात खोल गेलं आहे.

ती घरी गेली. गोळ्या शिल्लक होत्या. वडिलांकडून पत्रक पुन्हा वाचून घेतलं. न्याहारी, गोळी, दोन तास, वीस जुड्या. पौषातलं सकाळी दहा वाजताचं ऊन आणि चैत्रातलं दहा वाजताचं ऊन यांत किती फरक असतो, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. शिवाय दुसरी गोष्ट होती, ती मला ठाऊक नव्हती. चैत्रात मेथी उपटली की लगेच माना टाकते. ती पाण्यात बुडवून, झटकून, पुन्हा पुन्हा जुळवून बांधावी लागते. पौषातली एक जुडी एका मिनिटाची, चैत्रातली दोन मिनिटांची. वीस जुड्या होईपर्यंत ती उघड्या हातांनी आणि उघड्या चेहऱ्यानं चाळीस मिनिटं उन्हात होती.

आणि हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. या गोळीचं ऊन लगेच भाजत नाही. त्या दिवशी थोडी लाली येते, म्हणून तिला वाटलं की गुण येतो आहे. दुसऱ्या दिवशीही ती बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला हात उचलता येईनात.

वॉर्ड

तिच्या भावानं मला शोधून काढलं आणि आम्ही तिला अकोल्याला नेलं. हातांवर बोटांपासून कोपरापर्यंत फोड होते. ओठ इतका सुजला होता की पाणी चमच्यानं पाजावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, एवढं ऊन घ्यायला कोणी सांगितलं? ती माझ्याकडे न पाहता गप्प राहिली. मला वाचवत होती. मी पिशवीतून पत्रक काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, समतेच्या विजयापर्यंत.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमचा कागद इंग्रजीत होता. ते म्हणाले, हो, तो होता. त्यांच्या कागदानं तिला काहीच सांगितलं नाही आणि माझ्या कागदानं चुकीचं सांगितलं. त्यांचं पाप जुनं आहे म्हणून माझं लहान होत नाही.

नऊ दिवस मी तिच्याजवळ राहिले. पहाटे झाडूवाली यायची, मग ताप पाहायला नर्स, मग ओल्या पट्ट्या बदलायच्या. तो अर्धा तास वाईट असायचा. पट्टी चिकटलेली असायची. नर्सबाई आधी कोमट पाणी सोडून वाट पाहायच्या, ओढायच्या नाहीत. दुसऱ्या वॉर्डात ओढतात, तिथले आवाज ऐकू यायचे. त्या बाईंचं वाट पाहणं मी विसरणार नाही. रहीमभाई रोज यायचे आणि दारातच उभे राहायचे. घड्याळ कुर्त्याच्या आतल्या खिशात घालून यायचे, साखळी दिसू नये म्हणून.

सहाव्या दिवशी नवरा आला. कोणीतरी त्याला कळवलं होतं. मुक्ता त्याच्या कडेवर होती. कौसल्याबाईनं पट्ट्या बांधलेले दोन्ही हात वर केले. पोरीनं पाहिलं आणि बापाच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्यानं तिला दोनदा सांगितलं, माय आहे, माय आहे. ती आणखी जोरात रडली. तो काही राक्षस नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बरी हो, मग पाहू, असं म्हणून तो पोरीला घेऊन गेला.

मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेले, आणि तिथूनच परत फिरले. कोणत्या तोंडानं त्याला थांबवणार होते?

अंगठा

भाजलेली कातडी बरी झाली. पण जिथे जिथे फोड होते तिथे नवं कोड उठलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, जखम झाली की तिथे तो शिरतो. पूर्वी तिच्या हातांवर डाग होते. आता बोटांपासून कोपरापर्यंत हात पांढरे झाले, खसखशीचे ठिपकेही गेले.

माझं मनगट भरत आलं आहे. शाळेनं दाखला पाहून मला परत घेतलं. आमच्या दोघींच्या आजारात फरक नव्हता. माझ्या मनगटावर घड्याळ होतं.

ज्येष्ठात नवऱ्यानं दुसरी केली. कायद्यानं तो गुन्हा आहे. मी अर्ज लिहून वलगावला गेले. या वेळी दोन वकिलांना दाखवून नेला होता. कौसल्याबाईनं तो ऐकून घेतला, पण अंगठा दिला नाही.

"पोट्टी त्या बाईच्या हाती हाय," ती म्हणाली. "मी खटला करीन, न् भोगन कोण?"

मी अर्ज घडी करून ठेवला. मग ती एकदम मेथीचं बोलायला लागली. चैतात जुडीला वेळ लागतो हे तिला तेव्हाच मालूम होतं. उन्हाचंही मालूम होतं, ऊन काय कोणी शिकवायला लागतं? सावलीत जावं असं दोनदा मनात आलं होतं. मग काहून नाही गेलीस, असं मी विचारलं.

"छापलं होतं ना," ती म्हणाली. "छापलेलं खोटं कसं असन?"

आता

म्हणून हे लिहिलं. कोड असलेल्यांनो, इलाज आहे, तो घ्या, भिऊ नका. पण मिनिटं कोणत्याही कागदावरून घेऊ नका, माझ्या या कागदावरूनही नाही. दर महिन्याला डॉक्टरला विचारा, आणि दोन ऋतूंना एक माप लावू नका. डॉक्टरांनो, तुमचे कागद मराठीत काढा आणि रोग्याच्या घरी घड्याळ आहे का ते आधी विचारा. आणि माझ्यासारख्या पत्रकं काढणाऱ्यांनो, शेवटी एक ओळ बसत असेल तर तिथे घोषणा घालू नका.

हे सगळं छापायला देण्यापूर्वी मी वलगावला जाऊन कौसल्याबाईला वाचून दाखवलं. ती लांब बाह्यांचं पोलकं घालून जुड्या बांधत होती आणि मान न उचलता ऐकत होती. मी म्हटलं, तुझं नाव काढून टाकते. ती नको म्हणाली. नाव राहू दे. मुक्ती पुढच्या साली शाळेत जाईन, मग वाचाले शिकन.

मग हातातली गाठ अर्धवट ठेवून ती म्हणाली की एक ओळ तिची पण घाल. ती कशी लिहायची ते मला दोनदा म्हणायला लावलं, आणि कुठे घालायची तेही तिनंच सांगितलं.

मुक्ता, तुझ्या मायनं तुला टाकलं नाही. ती तुझ्यासाठी उन्हात बसली होती.